न्याय्य नोकरी समितीचा शेवट

अमेरिकेंतील न्याय्य नोकरी समिति अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या २५ जून १९४१ च्या हुकुमानें जन्मास आली. युद्धसामुग्रीच्या कारखान्यांत नोकरी देतांना वर्णभेद होऊं नये हा तिचा हेतु. फिलिप रँडॉल्फ यांनीं वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा धाक घातला नसता, तर हा हुकूम निघाला नसता असें आम्हांस वाटतें. समितीस दंड करण्याचा अधिकार नव्हता. तरीहि दक्षिणेकडील सिनेटरांस ती सलूं लागली. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल यांनीं १९४४ सालीं जी दुरुस्ती संमत करून घेतली तींत समितीचें नांवहि नव्हतें! वर्षाहून अधिक काळ चाललेल्या कोणत्याहि खात्यास काँग्रेसच्या मंजुरीवांचून पैसा मिळूं नये, इतकेंच तींत होतें. नेम मात्र अचूक होता.

समिति कायम करण्याचें चावेझ यांचें विधेयक १९४६ च्या जानेवारींत सिनेटपुढें आलें. विरोधक त्या विधेयकावर बोलतील तर तेंहि नाहीं. कामकाजाची नोंद शुद्ध कीं अशुद्ध, यावरच त्यांनीं तीन आठवडे घालविले. चर्चा थांबविण्याच्या ठरावास ९ फेब्रुवारीस ४८ विरुद्ध ३६ मतें पडलीं. बहुमत होतें, दोन-तृतीयांश नव्हते. त्याच वर्षीं पैसा आटून समिति मोडली. असा कायदा सबंध देशाकरितां होण्यास १९६४ साल उजाडावें लागलें.