श्रद्धा आणि पुरावा : लुंबिनीच्या स्तंभलेखाच्या निमित्ताने

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भगवान बुद्ध ही ऐतिहासिक व्यक्ती होती काय, असा प्रश्न युरोपीय पंडितांत गांभीर्याने चर्चिला जात होता. फ्रान्सचे एमिल सेनार व हॉलंडचे हेंड्रिक केर्न यांनी बुद्धचरित्रातील प्रसंगांचा उलगडा सूर्यकथेची रूपके म्हणून केला. या मतास मोठा धक्का बसला तो डिसेंबर १८९६ मध्ये. नेपाळच्या तराईत रुम्मिनदेई येथे अशोकस्तंभाचा गाडला गेलेला भाग मोकळा करण्यात आला आणि ब्राह्मी लेख उजेडात आला. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर सम्राट स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली व लुंबिनी ग्रामाचा करभार हलका केला, असे हा लेख सांगतो.

या शोधाशी निगडित असलेले सरकारी पुरातत्त्व अधिकारी डॉ. फ्यूरर यांनी एका ब्रह्मी भिक्षूस बनावट बुद्धधातू दिल्याचे पुढे उघडकीस आले आणि १८९८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. लेख मात्र भाषा व लिपी यांच्या कसोटीवर विद्वानांनी अस्सल मानला. एकाच हाताजवळून आलेल्या दोन वस्तूंपैकी खरी कोणती व खोटी कोणती, हा निवाडा भाविकतेने नव्हे, तर परीक्षणाने केला.

तथापि स्तंभलेखाने नेमके काय सिद्ध होते? अशोककाळी हे स्थान बुद्धांचे जन्मस्थान मानले जात होते, एवढे निश्चित. नवजात बालक सात पावले चालले, ही कथा त्याने सिद्ध होत नाही.

पालि वाङ्मयात हा विवेक प्राचीन आहे. मज्झिमनिकायातील चंकीसुत्तात तथागत सांगतात की, श्रद्धेने मानलेली गोष्ट खरी ठरेल अथवा खोटीही ठरेल. म्हणून ‘अशी माझी श्रद्धा आहे’ एवढेच म्हणावे. ‘हेच सत्य, अन्य सारे मिथ्या’ असा निष्कर्ष काढू नये. यास ‘सच्चानुरक्खणा’, म्हणजे सत्याचे रक्षण, म्हटले आहे. वीमंसकसुत्तात तर खुद्द तथागतांचीच परीक्षा करण्यास सांगितले असून, अशा परीक्षेतून उपजणाऱ्या श्रद्धेस ‘आकारवती सद्धा’, म्हणजे सकारण श्रद्धा, हे नाव दिले आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात हीच कसोटी लावली. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर वृद्ध, रोगी वा प्रेत पाहिलेच नव्हते, ही पारंपरिक कथा त्यांनी बुद्धीस न पटणारी म्हणून नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्यास गृहत्यागाचे कारण मानले. कथा गेली, बुद्धांविषयीचा आदर उणावला नाही.

यावरून आमचे मत असे की, श्रद्धेतील इतिहासविषयक विधानांस पुरावा लाभू शकतो. मात्र जो पुरावा मागतो, त्याने प्रतिकूल पुरावाही स्वीकारला पाहिजे. धम्माच्या सत्यतेचा पुरावा स्तंभावर कोरलेला नसतो. लोभ, द्वेष व मोह क्षीण झाले की नाहीत, हे उपासकाने आपल्या आचरणातच पाहावयाचे असते. आपल्या विहारांतून प्रवचन करणाऱ्यांनी या दोहोंतील भेद श्रोत्यांपुढे स्पष्टपणे मांडावा, ही आमची विनंती आहे.