जुन्या गोव्यातील चर्चवास्तू

मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील जुने गोवे येथे सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीज अंमलाखाली उभारलेल्या चर्चवास्तूंचा समूह. पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी. वरील हे नगर आफॉन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकले. पुढे ते पोर्तुगीजांच्या पौर्वात्य साम्राज्याची राजधानी आणि ख्रिस्ती धर्मप्रसाराचे प्रमुख केंद्र बनले. साथीच्या रोगांमुळे ते हळूहळू ओस पडले व १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीस गेली. नगर लयास गेले. चर्चवास्तू मात्र बऱ्याच अंशी टिकल्या. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

या वास्तूंचे आराखडे यूरोपीय आहेत. परंतु त्यांचे रूप स्थानिक सामग्रीने घडविले आहे. मुख्य बांधकाम जांभ्या दगडाचे आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेने कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषतो आणि त्यावर बारीक कोरीवकाम साधत नाही. म्हणून भिंती जाड बांधून त्यांवर चुन्याचा गिलावा देण्यात येई. कोरीव भागांसाठी वसईकडील काळा दगड आणला जाई, तर अलंकरणाची खरी हौस आतील लाकडी वेदींवर पुरविली जाई. सोन्याचा मुलामा दिलेल्या या वेदींच्या घडणीत स्थानिक कारागिरांचा हात दिसतो. ही देवघेव एकतर्फी नव्हती. फोंडा परिसरात नंतर बांधलेल्या देवळांचे घुमट व कमानी यांवर चर्चवास्तूंची छाया आहे.

पाहणीचा आरंभ टेकडीवरील अवर लेडी ऑफ द रोझरी या सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या चर्चपासून करणे सोयीचे ठरते. त्याचे गोलाकार बुरूज व दोरखंडासारखी नक्षी मॅन्युएलाइन शैलीची आहेत. आतील कातारीना आ पीरो हिच्या स्मारकावरील कोरीवकाम मात्र गुजरातच्या परंपरेशी नाते सांगते. सेंट कॅथरिनला अर्पण केलेले से कॅथीड्रल (१५६२–१६१९) सु. ७६ मी. लांब असून त्याचे बाह्यांग टस्कन, तर अंतरंग कॉरिंथियन शैलीचे आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्यात ‘सुवर्णघंटा’ आहे. शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची १६६१ मध्ये पुनर्बांधणी झाली, तेव्हा आधीच्या वास्तूचे मॅन्युएलाइन प्रवेशद्वार जपण्यात आले. वेदीजवळील लाकडी फलकांवर संताच्या जीवनातील प्रसंग रंगविले आहेत, तर जमिनीत कुलचिन्हे कोरलेल्या समाधिशिला बसविल्या आहेत. इटालियन थिएटाइन पंथीयांनी बांधलेले सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटर चर्चच्या धर्तीवरील असून मध्यवर्ती घुमट हे त्याचे वैशिष्ट्य होय.

बॉम जीझस बॅसिलिकेचा पाया १५९४ मध्ये घातला गेला व १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. येथे सेंट फ्रान्सिस झेव्हिअरचे पार्थिव अवशेष आहेत. त्यांची चांदीची पेटी १६३७ मध्ये गोमंतकीय सोनारांनी घडविली; तिच्या खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझीमो द मेदिची याने दिला. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फॉज्जीनीने घडविलेला हा चौथरा १६९८ मध्ये येथे बसविण्यात आला. अशा प्रकारे एकाच स्मारकात इटालियन शिल्प व गोमंतकीय धातुकाम एकत्र आले आहे.

या बॅसिलिकेचा तांबूस रंग हेच तिचे मूळ रूप, अशी प्रेक्षकांची समजूत होते. ती खरी नव्हे. १९५० च्या सुमारास जीर्णोद्धार करताना पोर्तुगीज तज्ञांनी वास्तूस प्राचीनतेचा भास यावा म्हणून बाहेरील गिलावा काढून टाकला. तेव्हापासून जांभा पावसाच्या माऱ्यास उघडा पडून झिजू लागला. गिलावा पुन्हा द्यावा, की लोकमानसात रुजलेले रूप तसेच ठेवावे, हा प्रश्न त्यामुळे उद्भवला.

निगा सुटल्यास काय घडते, याचे उत्तर जवळच्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत मिळते. १६०२ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू धर्मसंघ बरखास्त झाल्यावर १८३५ मध्ये ओस पडली. १८४२ मध्ये तिचे छत ढासळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. सु. ४६ मी. उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग आज दुरूनही दिसतो. चुन्याचा गिलावा ही सजावट नसून जांभ्या दगडाच्या वास्तूचे कवच आहे, याची साक्ष या दोन वास्तूंइतकी स्पष्टपणे जुन्या गोव्यात अन्यत्र मिळत नाही.