पुर्केर्सडॉर्फचे आरोग्यधाम

व्हिएन्नाच्या पश्चिमेस पुर्केर्सडॉर्फ येथे वास्तुकार योझेफ होफमन ह्याने १९०४–०५ मध्ये उभारलेल्या आरोग्यधामाचा उल्लेख अलंकारविरहित आधुनिक वास्तुकलेची नांदी म्हणून करण्याचा प्रघात आहे. सपाट छप्पर, पांढरा गिलावा, लोखंडी सळयांच्या काँक्रीटचे छत ही लक्षणे पाहता तो निराधार म्हणता येत नाही. परंतु त्यामुळे ह्या वास्तूचे खरे वैशिष्ट्य झाकले जाते. येथे अलंकार नाहीसा झालेला नाही, त्याने शिस्तीचे रूप घेतले आहे. भिंतींच्या कडा आणि खिडक्यांच्या चौकटी निळ्या-पांढऱ्या लाद्यांच्या बारीक पट्टीने रेखलेल्या असल्यामुळे भिंतींचे वजनच हरपते व सारी इमारत कागदावरील रेखाकृतीसारखी भासते.

मज्जातंतूंच्या दौर्बल्याने ग्रासलेली सुखवस्तू माणसे येथे स्नानोपचार, यांत्रिक व्यायाम व विश्रांती ह्यांसाठी येत. हा विकार नगरजीवनाच्या धकाधकीतून उद्भवतो, अशी तत्कालीन वैद्यकाची समजूत होती. तेव्हा सुव्यवस्था हेच औषध ठरले. उद्योगपती व्हिक्टर झुकरकांडल ह्याने १९०३ मध्ये ही मालमत्ता घेतली. त्याच वर्षी होफमन व कोलोमान मोझर ह्यांनी स्थापिलेल्या ‘वीनर वेर्कष्टेटे’ ह्या कारागीरसंस्थेने पुढे तिचा अंतर्भाग सजविला. प्रवेशदालनात मोझरच्या घनाकृती खुर्च्या, त्यांची बैठक बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची. भोजनगृहात होफमनच्या, वाफेने वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या. पाठीला गोल छिद्रांच्या रांगा, आणि पाय बैठकीला मिळतात तेथे लाकडाचे लहान गोळे. हे गोळे निव्वळ शोभेचे वाटतात खरे, पण सांधा बळकट करण्याचे काम तेच करतात. ज्याचे मन आधीच ताणलेले, त्याला ही अविचल भूमिती निववीत असेल की अधिकच जखडीत असेल, हा प्रश्न सौंदर्यचर्चेत सहसा उपस्थित होत नाही. तो व्हावयास हवा.

१९२६ मध्ये लेओपोल्ड बाउअर ह्याने होफमनच्या इच्छेविरुद्ध इमारतीवर आणखी एक मजला चढविला. दोघेही ओटो वाग्नरचेच शिष्य! मूळची प्रमाणबद्धता त्याने पार बिघडली. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नात्सींच्या हाती जाताच ज्यू झुकरकांडल कुटुंबाची ही मालमत्ता हिरावून घेण्यात आली. ह्या घराण्याची एके काळची सून आमाली, जिचे व्यक्तिचित्र गुस्टाव्ह क्लिम्टकडून अपुरेच राहिले होते, १९४२ मध्ये नात्सींच्या हत्याकांडात बळी पडली. १९९५ मध्ये तो वाढीव मजला उतरवून बाह्यांगास पूर्वरूप देण्यात आले आणि २००३ मध्ये तेथे वृद्धनिवास सुरू झाला. भोजनगृहातील खुर्च्यांपैकी काही आता संग्रहालयांत आहेत.