चांदवडी रुपयाचा बट्टा

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता नाशिक, पिंपळगाव मागे टाकून सातमाळ्याच्या डोंगररांगेला भिडतो, तेथे राहूड घाटाच्या अलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी चांदवड वसले आहे. या वाटेने दक्षिणेतून खानदेशात आणि खानदेशातून पुढे माळव्यात जाणाऱ्या प्रत्येक सैन्याला, प्रत्येक तांड्याला आणि प्रत्येक हुंडी बाळगणाऱ्या सावकाराच्या माणसाला या खिंडीतून जावे लागे. त्यामुळे यादवांपासून मोगलांपर्यंत आणि मोगलांपासून होळकरांपर्यंत ज्याचे राज्य झाले त्याने या किल्ल्यावर आपले निशाण लावले. आज येथे येणारा प्रवासी डोंगराच्या कुशीतील रेणुकादेवीचे दर्शन घेतो, अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालातील कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरची फिकट होत चाललेली चित्रे पाहतो, आणि पुढे निघतो. परंतु ज्या वस्तूमुळे दीडदोनशे वर्षांपूर्वी चांदवडचे नाव ज्यांनी हे गाव कधी पाहिले नव्हते त्यांच्याही तोंडी होते, ती वस्तू देवळात नाही आणि वाड्यातही नाही. ती वस्तू म्हणजे चांदवडी रुपया.

होळकरांची टांकसाळ आरंभी किल्ल्यावर होती. इसवी सन १८०० च्या सुमारास ती खाली गावात आणण्यात आली. नाशिक जिल्ह्याचे १८८३ साली प्रसिद्ध झालेले सरकारी गॅझेटियर या टांकसाळीच्या कामाचे जे वर्णन देते ते वाचताना त्या कारखान्यातील घणांचा नाद कानी येऊ लागतो. चारशे कारागीर तेथे काम करीत. ठरलेल्या कसाची चांदी प्रत्येकाच्या हवाली केली जाई. तो तिचे लहान लहान तुकडे पाडी, ते ठोकून वाटोळे करी आणि तोलून पाही. आकार सर्वांचा सारखा असावा याची फारशी फिकीर नसे, मात्र वजनात गुंजेचाही फरक पडू नये याविषयी कमालीची दक्षता असे. प्रत्येक कारागिराला स्वतंत्र ताजवा आणि वजने दिलेली असत, आणि टांकसाळीचा अंमलदार दर आठवड्यास ती वजने बरोबर आहेत की नाहीत याची तपासणी करी. वजनाची खात्री पटली की ते तुकडे मुख्य कारभाऱ्याकडे जात व तेथून शिक्का उमटविण्यास. ऐरणीसारख्या एका साधनाच्या मध्यभागी खळगा असे आणि त्याच्या तळाशी अक्षरे कोरलेली असत. एकजण त्या खळग्यात तुकडा टाकी, दुसरा त्यावर वरचा शिक्का धरी, आणि तिसरा सहा पौंड वजनाच्या हातोड्याचा एकच घाव घाली. तिघे मिळून तासाला दोन हजार आणि दहा तासांच्या दिवसात वीस हजार नाणी पाडीत. तासाला दोन हजार म्हणजे दोन सेकंदांना एकापेक्षा अधिक घाव! वरचा शिक्का धरणाऱ्या माणसाचा आपल्या सोबत्याच्या हातावर केवढा विश्वास असला पाहिजे, हे ज्याने लोहाराच्या दुकानात कधी घण पडताना पाहिला असेल त्याला सांगावयास नको.

याच वर्णनात एक बारीकसा तपशील आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्का हा चांदीच्या तुकड्याहून किंचित मोठा असे. त्यामुळे त्यावरील सगळी अक्षरे नाण्यावर क्वचितच उमटत. ती अक्षरे फारशी होती, नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे होते, आणि टांकसाळीचे नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे होते. ज्या शेतकऱ्याच्या, विणकऱ्याच्या किंवा बैलगाडीवानाच्या हातात तो रुपया पडे त्याला फारशी येत नसे. आणि येत असती तरी अर्धीच अक्षरे उमटलेल्या त्या नाण्यावरून पूर्ण मजकूर त्याला लागला नसता. राज्य होळकरांचे, वर पेशव्यांची सत्ता, नाव बादशहाचे, आणि रुपयाची खरी पत मात्र यांपैकी कोणाच्याही नावावर अवलंबून नसून त्यात चांदी किती आहे यावर. आणि चांदी किती आहे हे ठरविणारा मनुष्य चौथाच. तो म्हणजे पारखी, पोतदार किंवा सराफ.

अठराव्या शतकातील महाराष्ट्रात रुपया हे एका नाण्याचे नाव नव्हते, ते एका मोठ्या कुटुंबाचे नाव होते. पुण्याकडे अंकुशी रुपयाला मान, नाशिक, नगर, खानदेशाकडे चांदवडी रुपयाला. त्याशिवाय सुरती, हाली सिक्का आणि ठिकठिकाणच्या लहानमोठ्या टांकसाळींची नाणी. एका प्रांताचा रुपया दुसऱ्या प्रांतात गेला की त्याला बट्टा, म्हणजे किमतीत कपात, बसे. नाणे जुने झाले, झिजले, म्हणजे बट्टा. सराफाने परीक्षेसाठी त्याला भोक पाडून सुलाखी केले, म्हणजेही बट्टा. ही गोष्ट जनतेच्या नित्याच्या व्यवहारात किती खोल मुरली होती याची साक्ष आपली भाषाच देते. आपण चांगल्या आवाजाला खणखणीत म्हणतो ते दगडावर आपटून वाजविलेल्या रुपयावरून. आवाजात खोट असेल तर तो बद्द वाजतो. कस कमी असलेल्या धातूला लावलेले हिणकस हे विशेषण आपण माणसांना आणि पुस्तकांनाही लावतो. कठीण प्रसंगातून पार पडलेल्या मनुष्याला तावून सुलाखून निघालेला म्हणतो. आणि घराण्याच्या नावाला कलंक लागला म्हणजे बट्टा लागला म्हणतो. ज्या समाजाने अब्रूची हानी सांगण्यासाठी सराफाच्या पेढीवरचा शब्द उचलला, त्या समाजाला त्या पेढीवर किती वेळा मान खाली घालून उभे राहावे लागले असेल, याचा विचार वाचकानेच करावा.

कारण बट्ट्याचा खरा प्रश्न हा होता की, तो कोणी सोसावयाचा. सरकारचा वसूल ज्या नाण्यात ठरलेला असे त्याच नाण्यात, किंवा त्या नाण्याच्या भावाने, भरावा लागे. बाजारात धान्य विकताना शेतकऱ्याच्या पदरी जो रुपया पडला तो त्याने निवडलेला नसे. व्यापारी देईल ते त्याने घेतलेले असे. तोच रुपया घेऊन तो पाटील-कुळकर्ण्यांकडे आला, आणि तेथून मामलेदाराच्या कचेरीत पोतदाराने तो वाजवून पाहिला, म्हणजे जो काही बट्टा निघे तो त्याच्याच माथी. व्यापाऱ्याला नाणे पारखता येत होते, सावकाराला येत होते, कमाविसदाराच्या पदरी तर त्यासाठी पगारी मनुष्य होता. ज्याला पारखता येत नव्हते तोच एकटा परीक्षेचा खर्च देत होता. मला चांदवडच्या या सगळ्या इतिहासाचे मर्म येथे दिसते. नाणे असो, वजन असो की अलीकडचे कुठलेही नवे यंत्र असो, खऱ्याखोट्याची खातरजमा करण्यास काहीतरी खर्च येतोच. आणि राज्यकर्त्याने नियम केला नाही तर तो खर्च उतरंडीवरून घरंगळत सर्वांत खालच्या माणसापर्यंत येऊन थांबतो.

पेशव्यांच्या सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. टांकसाळ चालविण्याचा परवाना देताना नाण्याचे वजन आणि कस यांचा करार लिहून घेण्याची पद्धत होती. १७४४ साली नानासाहेब पेशव्यांनी कोकणात रेवदंडा आणि नागोठणे येथे तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने दिले, त्यांत पैसा दहा माशांचा असावा असे स्पष्ट घातले होते आणि मुदत तीन वर्षांची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठेशाहीतील टांकसाळींवर जो निबंध लिहिला त्यात अशा सनदांची माहिती एकत्र केली आहे. परंतु परवाना देऊन टांकसाळी वाटल्या की प्रत्येक परवानेदाराला चांदीत थोडी भेसळ करून नफा वाढविण्याचा मोह होणारच, आणि परवान्यावाचून चालणाऱ्या टांकसाळींना तर धरबंधच नव्हता. करार उत्तम होता, अंमल दुबळा होता. चांदवडी रुपया इतका दूरवर चालला तो या गोंधळातही त्याचे वजन लोकांना भरवशाचे वाटत होते म्हणूनच चालला असला पाहिजे. प्रत्येक कारागिराच्या ताजव्याची आठवड्याची तपासणी व्यर्थ जात नव्हती.

पुढे राज्य बदलले. ऑक्टोबर १८०४ मध्ये होळकरांशी चाललेल्या युद्धात इंग्रजांच्या कर्नल वॉलेसने चांदवड घेतले, ते पुन्हा होळकरांकडे गेले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई होऊन ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलखाबरोबर चांदवड कायमचे कंपनी सरकारच्या हाती गेले. तरीही टांकसाळीतील घण लगेच थांबले नाहीत. आणखी दहाबारा वर्षे ती चालू होती. १८२९ साली मुंबईत वाफेच्या यंत्रांवर चालणारी टांकसाळ सिद्ध झाली. तेथील यंत्र प्रत्येक तुकडा सारख्याच आकाराचा कापी, त्यावर संपूर्ण शिक्का उमटवी, आणि त्याच्या कडेला दाते पाडी, म्हणजे कोणी कड कातरून चांदी काढून घेतली तर ते पाहताक्षणी कळून येई. १८३० च्या सुमारास चांदवडची टांकसाळ बंद झाली. आणि १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलखाला एकच रुपया लागू झाला, वजनाने १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी.

चारशे कारागिरांची चूल विझली, हे खरे आणि दुःखाचे आहे. ते पुढे कोठे गेले, कोणी सोनारकाम धरले, कोणी नांगर धरला, याची नोंद कोणत्याही दप्तराने ठेवली नाही, कारण दप्तरे चांदीचा हिशेब ठेवीत होती, हातांचा नव्हे. परंतु मनाला कितीही जड गेले तरी हेही कबूल केले पाहिजे की, ज्या नाण्याची कड पाहून आणि अक्षरे मोजून अडाणी मनुष्यालाही त्याची पारख करता येते ते नाणे गरिबाच्या हिताचे होते. परक्या सत्तेने ते स्वतःच्या वसुलीच्या सोयीसाठी केले. म्हणून त्याचा लाभ खोटा ठरत नाही.

मात्र बट्टा नाहीसा झाला नाही. तो घर बदलीत राहिला. १८९३ पर्यंत कोणालाही आपली चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेता येत. त्या वर्षी सरकारने ती वाट बंद केली, आणि तेव्हापासून रुपयाची किंमत चांदीत न राहता सरकारच्या शब्दात राहू लागली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, तेव्हा आण्याचे पैसे करताना जो अपूर्णांक उरे तो दुकानदाराच्या गल्ल्यात जातो की गिऱ्हाइकाच्या हातात पडतो, यावर घरोघरी कितीतरी दिवस चर्चा चालली. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन याच चांदवडला भरले; शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन लाखो स्त्रिया येथे जमल्या, आणि शेतात राबणाऱ्या बाईच्या कष्टाचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो, हा प्रश्न उघड्यावर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, त्या विचाराला या कायद्याने बारा वर्षांनी सरकारी आधार मिळाला. दोन्ही चळवळींची माणसे वेगळी, मागण्या वेगळ्या. पण व्यवहाराच्या पट्टीवर शेवटची वजावट कोणाच्या नावे पडते, हाच दोहींचा प्रश्न.

अलीकडे चांदवडजवळ मंगरूळच्या टोलनाक्यावर काय चालले ते पाहावे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर असा नियम लागू झाला की, ज्या गाडीवर चालू फास्टॅग आहे तिला ठरलेली रक्कम, फास्टॅग नसताना यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापट, आणि रोख देणाऱ्याला दुप्पट. रुपया तोच, त्यावर रिझर्व्ह बँकेचे वचनही तेच. भरणा कोणत्या रीतीने होतो एवढ्यावरून त्याला तीन भाव. सराफाच्या पेढीवर नाण्याला जो बट्टा बसे तो येथे रोखीला बसला. रांग लांबू नये हा हेतू रास्त आहे आणि वाहनधारकांनी फास्टॅग लावणेही इष्टच आहे. तथापि आठवड्यातून एकदा टेम्पोतून कांदा घेऊन येणाऱ्या आणि ज्याच्या टॅगवर त्या दिवशी पैसे शिल्लक नाहीत अशा शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दंड होता, हेही नियम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे. याउलट, १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून काहीच कापावयाचे नाही असा जो निर्णय सरकारने घेतला, तो मला चांगला वाटतो. चहाच्या टपरीवाल्याने ती चौकोनी पाटी लावली आणि आवाज करणारी डबी ठेवली ती या बट्टारहित व्यवहारामुळेच. त्या व्यवस्थेचा खर्च कोणीतरी सोसतोच; पण निदान तो सर्वांत खालच्या माणसावर ढकललेला नाही.

गेल्या माघात मी चांदवडच्या एसटी स्थानकाबाहेर उभा होतो. डोंगराकडच्या एका पाड्यावरून आलेल्या आजी किराणा दुकानाच्या फळीशी उभ्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडून दहा रुपयांची दोन नाणी ठेवली आणि दुकानदाराने ती बोटाने परत सरकवली. “हे चालत नाही आजी, पुढे कुणी घेत नाही.” रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले आहे की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आणि चलनी आहेत, मी ते सांगितले, दुकानदाराने ऐकून घेतले, परंतु नाणी काही उचलली नाहीत. त्याचेही खोटे नव्हते. त्याच्याकडचा ठोक व्यापारी ती घेत नव्हता. मग मी आजींकडून ती दोन नाणी घेतली आणि वीसची नोट त्यांच्या हाती दिली.

आजींनी ती दोन्ही हातांनी ताणली, उजेडाकडे धरली, उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने कड चाचपली. मग माझ्याकडे एकदा नीट बघून घेतले, आणि नोट फळीवर ठेवून म्हणाल्या, “पावशेर साखर दे, आणि उरलेले मोजून दे.”