नक्कल कुणाची, नाव कुणाचं?



गेल्या हिवाळ्यापासून जुन्नर-आंबेगावच्या आमच्या गटातल्या आठ जणी तैलरंग शिकतोय. गिरवायला चित्र घेतलं ते इंग्लंडच्या जॉन ॲटकिन्सन ग्रिमशॉ यांचं. पावसानं ओला झालेला रस्ता, वर चंद्र, दुकानांतून सांडलेला पिवळा उजेड. एकोणिसाव्या शतकातला हा माणूस आधी रेल्वेत कारकून होता. चित्रं काढायला आपलं आपणच शिकला.

आमचं काम बघून गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "दुसऱ्याचं बघून काढायचं, ही कसली कला?" प्रश्न झोंबला. उत्तर शोधलं, तर ते आपल्याच महाराष्ट्रात मिळालं.

मुंबईचं जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झालं. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. अंधाऱ्या लेण्यांत, दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींसमोर उभं राहून ही आपली पोरं कॅनव्हासवर तैलरंगात ती चित्रं उतरवायची. हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे ते व्यक्तिचित्रांसाठी नावाजले. गिरवता गिरवताच त्यांचा हात तयार झाला.

त्यांच्याही आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं अजिंठ्याची चित्रं अशीच उतरवली होती. लंडनला मांडलेली त्यांची बहुतेक सगळी चित्रं १८६६ च्या आगीत जळाली. आणि १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आग लागून ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांचीही बरीच चित्रं गेली. उरलेली तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अजिंठ्याच्या भिंतीवरचा रंग तेव्हापासून कितीतरी ठिकाणी झडला. तिथं काय होतं, हे आज त्या नकलाच सांगतात.

पण एक गोष्ट मनाला लागली. १८९६ साली या कामाचं मोठं पुस्तक निघालं, त्यावर नाव ग्रिफिथ्स यांचं. जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा ही नावं आपल्यापैकी किती जणींनी ऐकलीत? काम त्यांच्या हातचं होतं.

मावशींना आम्ही हे सगळं सांगितलं. आणि गिरवताना काय कळलं तेही. रात्र म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. निळा आणि तपकिरी मिसळला तर अंधाराला खोली येते. अंधार आधी, पातळ हातानं. तो वाळायला दिवस जातात. दिव्याचा उजेड सगळ्यांत शेवटी, जाड रंगानं. घाई केली की सगळा चिखल होतो. आमचा झाला दोनदा!

नजरही बदलली. शिवनेरीवर आम्ही कितीदा गेलो. तिथल्या लेण्यांत छतावर जुन्या रंगाच्या खुणा आहेत, वर्तुळांची नक्षी आहे. मान वर करून कधी बघितलंच नव्हतं.

परवा बचत गटाच्या स्टॉलवर एका गिऱ्हाइकानं आमचं चित्र मागितलं. म्हणाले, "नक्कल आहे हे लिहू नका, भाव जास्त मिळेल." आम्ही मागच्या बाजूला लिहिलं: मूळ चित्र ग्रिमशॉ यांचं. आणि खाली, जिनं ते काढलं तिचं पूर्ण नाव.

लिहिताना तिचा हात थरथरला. आपल्या कामावर तिनं पहिल्यांदाच आपलं नाव घातलं होतं.