साह्याची संहिता : 'प्लॅन कोलंबिया'च्या निमित्ताने

एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राला साह्य देते, तेव्हा त्या साह्याची संहिता कोण लिहितो, कोणत्या भाषेत लिहितो आणि तिचे यश कोणत्या मापाने मोजतो, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारावेत असे आम्हाला वाटते. अमली पदार्थांच्या व्यापाराविरुद्ध अमेरिकेने कोलंबियाला दिलेले साह्य, अर्थात 'प्लॅन कोलंबिया', या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

जून १९९८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार आंद्रेस पास्त्राना यांनी कोलंबियासाठी 'मार्शल योजने'सारख्या योजनेची कल्पना मांडली. कोकाची लागवड हा मुळात सामाजिक प्रश्न आहे, ही त्यामागची भूमिका होती. जिथे रस्ता नाही, बाजारपेठ नाही, जमिनीची कागदोपत्री मालकी नाही, तिथला शेतकरी दुसरे कोणते पीक विकून जगणार? पुतुमायो, काकेता, ग्वाव्यारे या भागांतील कोका उत्पादकांनी १९९६ मध्ये मोर्चे काढले, तेव्हा त्यांचेही म्हणणे याहून वेगळे नव्हते. निवडून आल्यावर पास्त्राना यांनी 'फार्क' या बंडखोर संघटनेशी वाटाघाटी करता याव्यात म्हणून सुमारे ४२ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशातून सैन्य मागे घेतले.

पुढे १९९९ मध्ये वॉशिंग्टनशी झालेल्या चर्चेतून योजनेचा मसुदा नव्याने घडला. हा मसुदा इंग्रजीत आधी फिरला आणि कोलंबियाच्या नागरिकांना तो स्पॅनिशमध्ये उशिरा वाचायला मिळाला, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. भाषांतराच्या या उलट प्रवासात शब्दांचे वजनही बदलले. शांतता आणि विकास मागे सरले. अमली पदार्थांचे निर्मूलन पुढे आले. जुलै २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी १ अब्ज ३० कोटी डॉलरच्या तरतुदीवर स्वाक्षरी केली. त्यांपैकी सुमारे ८६ कोटी डॉलर कोलंबियाच्या वाट्याचे होते, आणि त्यांतील जवळपास तीन-चतुर्थांश रक्कम सैन्य व पोलीस यांच्यासाठी होती. वर्षअखेरीस पुतुमायोच्या शेतांवर विमानांतून ग्लायफोसेटची मोठी फवारणी सुरू झाली. कोकाबरोबर आपली खाण्याची पिकेही जळतात, ही शेतकऱ्यांची तक्रार होती.

आता यशाच्या मापाकडे वळू. सहा वर्षांत उत्पादन निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००० ते २००६ या काळात हेरॉइनचे उत्पादन सुमारे निम्म्याने घटले. कोकाची लागवड मात्र सुमारे १५ टक्क्यांनी आणि कोकेनचे उत्पादन सुमारे ४ टक्क्यांनी वाढले. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत २००० मध्ये १ लाख ६३ हजार हेक्टर असलेली कोकाची लागवड २०१३ मध्ये ४८ हजारांवर उतरली आणि २०२३ मध्ये २ लाख ५३ हजारांवर गेली.

या साह्याने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपहरणे आणि हत्या यांचे प्रमाण पुढील काळात लक्षणीय घटले, बंडखोर दुबळे झाले आणि वाटाघाटींना बसले. तथापि त्याच सैन्याने २००२ ते २००८ या काळात निदान ६,४०२ नागरिकांना ठार करून 'लढाईत मारले गेलेले बंडखोर' म्हणून दाखवले, असा आकडा शांतता कराराने स्थापन झालेल्या विशेष न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये जाहीर केला. यश प्रेतांच्या संख्येने मोजले जाऊ लागले की संख्या पुरवणारेही निर्माण होतात.

फवारणीचे विष सीमेपलीकडे येते म्हणून इक्वेडोरने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. २०१३ मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१५ मध्ये कोलंबियाने हवाई फवारणी थांबवली. २०१६ च्या शांतता कराराच्या चौथ्या प्रकरणात लागवड करणाऱ्या कुटुंबांसाठी पर्यायी उपजीविकेची तरतूद आली. म्हणजे दीड तपानंतर संहिता पुन्हा पहिल्या मसुद्यातील प्रश्नापाशी परतली. तिची अंमलबजावणी मात्र रेंगाळली.

हुआन गाब्रिएल वास्केस यांच्या २०११ च्या कादंबरीत, जिच्या शीर्षकाचा अर्थ 'वस्तू कोसळतानाचा आवाज' असा होतो, सेवाकार्यासाठी आलेली अमेरिकन तरुणी आणि तस्करीचा माल वाहणारा तिचा कोलंबियन वैमानिक नवरा एकाच घरात राहतात. साह्य आणि व्यापार यांचे हे सान्निध्य अहवालांतून दिसत नाही.

आम्हालाही या इतिहासाकडे परका म्हणून पाहता येत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, कंपनी सरकार तिच्यावर कर घेत होते आणि त्या संपत्तीवर या शहरातील कित्येक घराणी उभी राहिली. पीक शेतकऱ्याचे, मागणी दूरच्या बाजाराची, हे सूत्र तेव्हाही होते. कोलंबियात शिक्षेचे पहिले विमान शेतावरून गेले. दूरच्या बाजाराने आपल्या मागणीचा हिशेब त्या संहितेत कितपत लिहिला, हे वाचकांनी शोधून पाहावे.