तेरा वर्षांची गिटार

हाताने घडवलेल्या गिटारीची मागणी नोंदवल्यापासून ती हाती येईपर्यंतचा काळ आज आगाऊ रक्कम, यादीतला क्रमांक आणि कारागिराने सांगितलेली अंदाजी मुदत यांनी मोजला जातो. परंतु या वाद्याच्या इतिहासात प्रतीक्षेचे एक अधिक कठोर रूपही आढळते, ज्यात वादक नुसता थांबत नाही, तर समोर आलेले वाद्य अपुरे ठरवून परत करतो, आणि कारागीर त्या नकारालाच मार्गदर्शन मानून पुढचे वाद्य हाती घेतो. स्पॅनिश वादक आन्द्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) आणि जर्मन कारागीर हेर्मान हाउझर (१८८२–१९५२) यांच्यात १९२४ ते १९३७ या काळात जे घडले, ते या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

त्याची पार्श्वभूमी एकोणिसाव्या शतकातील स्पेनमध्ये आहे. आल्मेरियाजवळच्या खेड्यात १८१७ साली जन्मलेले आन्तोनियो दे तॉरेस हे मुळात सुतार. सेव्हिल शहरात गिटारी घडवू लागल्यावर त्यांनी वाद्याचा सांगाडा मोठा केला, तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी सुमारे ६५० मिलिमीटर ठेवली, आणि पुढच्या पातळ फळीला, म्हणजे सतारीच्या परिभाषेत जिला तबली म्हणतात तिला, आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत जाणाऱ्या लाकडी पट्ट्यांचा आधार देण्याची आधीपासूनची रीत पूर्णत्वास नेली. गिटारीचा आवाज प्रामुख्याने तबलीतून येतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार तयार केली, जी आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. एवढे असूनही केवळ या धंद्यावर त्यांचे भागले नाही. १८६९च्या सुमारास ते आल्मेरियाला परतले आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवू लागले, आणि पुन्हा वाद्ये घडवायला घेतली तेव्हा त्यांवर ‘दुसरा कालखंड’ अशी चिठ्ठी लावू लागले. त्यांच्या ओळखीच्या एका धर्मगुरूने पुढे नोंदवलेल्या आठवणीनुसार, तबलीची जाडी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत जोखण्याचे जे ज्ञान होते, तेच आपले गुपित असून ते कोणाला देता येण्याजोगे नाही, असे तॉरेस म्हणत असत.

सेगोव्हिया यांची पहिली महत्त्वाची गिटार मात्र त्यांना वाट न पाहता मिळाली. कार्यक्रमासाठी चांगले वाद्य भाड्याने मिळावे म्हणून ते माद्रिदमधील मानुएल रामीरेस यांच्या कार्यशाळेत गेले असता त्यांचे वादन ऐकून रामीरेस यांनी १९१२ साली तयार झालेली गिटार त्यांना भेट दिली. ती प्रत्यक्षात घडवली होती कार्यशाळेतील सान्तोस एर्नान्देस यांनी. चिठ्ठीवर नाव मालकाचे आणि हात कारागिराचा, ही त्या काळची रीत होती, आणि तिने अनेक गुणी माणसांना झाकून टाकले हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

हीच गिटार १९२४ साली म्युनिकमधील कार्यक्रमानंतर हाउझर यांनी हाती घेऊन बारकाईने पाहिली. झिथर हे मांडीवर किंवा टेबलावर ठेवून वाजवायचे तंतुवाद्य घडवणाऱ्या घराण्यात ते वाढले होते, आणि त्यांच्या गिटारी व्हिएन्ना पद्धतीच्या, म्हणजे बारीक कमरेच्या आणि तबलीखाली आडव्या पट्ट्या असलेल्या होत्या. गिटारवादक मिगेल ल्योबेत यांच्याकडची तॉरेस यांची गिटारही त्यांच्या पाहण्यात आली होती. हाउझर यांच्या कामातील सफाई पाहून सेगोव्हिया यांनी त्यांना तॉरेस आणि रामीरेस यांच्या नमुन्यावर लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला, आणि तेव्हापासून हाउझर नव्या गिटारी घडवून त्यांना दाखवीत राहिले.

मापे समोर असताना तेरा वर्षे का लागावीत, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. तबलीसाठी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचे लाकूड वापरतात; ते उभे चिरून वर्षानुवर्षे सुकवले जाते, कारण ओल राहिलेली फळी नंतर आकसते आणि तडकते. तबलीची जाडी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असते, आणि तिच्यावर सहा तारांचा मिळून सुमारे चाळीस किलो वजनाइतका ताण येतो. फळी जाड ठेवली तर ती ताण सहज पेलते, पण आवाज कोंडतो. फार तासली तर आवाज चटकन उठतो, पण तो टिकत नाही आणि कालांतराने घोडीजवळ, म्हणजे तारा जिथे तबलीला बांधलेल्या असतात तिथे, फळी वाकू लागते. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात, त्यामुळे दुसऱ्याच्या वाद्याची मापे जशीच्या तशी उतरवल्याने त्याचा आवाज उतरत नाही. आपल्या हातातील फळीसाठी ती मापे किती बदलायची हे कारागिराला स्वतःच शोधावे लागते, आणि त्याचा निकाल गिटार पूर्ण होऊन तारा चढल्याखेरीज लागत नाही. त्यात सेगोव्हिया ध्वनिक्षेपकाचा आधार घेत नसत. मोठ्या सभागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा आणि तरीही प्रत्येक स्वर वेगळा, एकसारख्या वजनाचा ऐकू यावा, अशी त्यांची अपेक्षा असे. असा वादक गिटार नाकारतो तेव्हा तिच्यात काय उणे आहे ते कारागिराला कळते, आणि म्हणून या घडणीत सेगोव्हिया यांच्या कानाचा वाटा हाउझर यांच्या हातांइतकाच मानला पाहिजे.

हाउझर यांनी १९३७ साली घडवलेली गिटार अखेर सेगोव्हिया यांनी आपली मानली, आणि ती या युगातील सर्वश्रेष्ठ गिटार होय असा तिचा गौरव केला. त्या वेळी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेले होते आणि सेगोव्हिया मायदेश सोडून गेले होते. तात, म्हणजे आतड्याच्या तारा, लावून वाजवण्यासाठी घडवलेली ही गिटार दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या नायलॉनच्या तारांवरही तितकीच उत्तम वाजली, आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे ती त्यांच्या कार्यक्रमांत ऐकू येत राहिली. १९८६ साली ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देण्यात आली, जिथे १९१२ची गिटारही आहे.

या यशाने प्रतीक्षेचे स्वरूप पालटले. हाउझर यांचा मुलगा, नातू आणि पणती यांनी राइसबाख या गावी हा व्यवसाय पुढे चालवला, तर इतर देशांतील कारागीर ‘१९३७चा हाउझर’ हा स्वतंत्र नमुना मानून मागणीनुसार गिटारी घडवू लागले. अशी मागणी नोंदवणारा ग्राहक लाकूड निवडले जाण्याची, बाजूंच्या पट्ट्या तापल्या नळीवर वाकवल्या जाण्याची, सरसाचे जोड पक्के होण्याची आणि लाखेचे असंख्य पातळ हात बसून वाळण्याची वाट पाहतो. आकृती कोणती असावी हा निर्णय मात्र त्याच्यासाठी आधीच झालेला असतो.

लाकूडही आता तेच राहिलेले नाही. १९३७च्या गिटारीची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवाच्या होत्या. त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली साइट्स करारानुसार, म्हणजे संकटग्रस्त वन्य प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारानुसार, अत्यंत कडक निर्बंध आले. तोवर भारतीय शिसव, जो आपल्या सह्याद्रीतही वाढतो, जगभरच्या गिटार कार्यशाळांत त्याची जागा घेऊ लागला होता. जानेवारी २०१७ मध्ये शिसवाच्या कुळातील इतर जातीही नियमनाखाली आल्या, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळेपर्यंत, भारतीय शिसवाची गिटार विक्रीसाठी एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायची तर कारागिराचे काम संपल्यावरही परवान्यासाठी थांबावे लागत असे.